पांगुळगाडा की वॉकर? आधार नेमका कुणासाठी?

॥ श्री गुरवे नमः ॥



आपल्या परिवाराच्या ग्रुपवर एक प्रश्न फिरून फिरून येतो. कुणाचा नातू धरून उभा राहायला लागलेला असतो, कुणाच्या नातीचा पहिला वाढदिवस तोंडावर आलेला असतो. आता चालायला शिकण्यासाठी कोणती गाडी घ्यावी? लगेच चार लिंका येतात. कुणी म्हणतं लाकडी घ्या, कुणी म्हणतं गाणी वाजणारी घ्या, कुणी म्हणतं आमच्या माळ्यावर एक पडून आहे तीच घेऊन जा. वरवर पाहता हा बाजारातला प्रश्न आहे. पण आम्ही भगिनी बसून यावर बोलायला लागलो तेव्हा लक्षात आलं की याच्या पोटात दुसरा, मोठा प्रश्न आहे. दुसऱ्याला आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि आपण जो आधार देतो तो त्याच्यासाठी असतो की आपल्यासाठी?

आधी वस्तू समजून घेऊ, कारण दुकानात तीन वेगळ्या वस्तू जवळजवळ एकाच नावाने विकल्या जातात.

पहिली म्हणजे बसायचा वॉकर. गोल चौकट, खाली चाकं, मधे कापडी झोळी. बाळाला त्यात बसवायचं, समोर खेळण्यांचा ट्रे. बाळ पायाच्या बोटांनी जमिनीला रेटा देतं आणि गाडी सुटते. दुसरी म्हणजे ढकलायची गाडी, आपल्या आजी-पणजीचा पांगुळगाडा. इथे वडोदऱ्यात शेजारपाजारी त्याला चालणगाडी म्हणतात. दांडा धरून बाळ मागे उभं राहतं आणि ढकलत पुढे जातं. तिसरी म्हणजे बसून पायाने पळवायची छोटी गाडी, घोडा नाहीतर मोटार. तिला पेडल नसतात, बॅटरी नसते, बाळाचे पाय हेच तिचं इंजिन.

पहिल्या दोन्हींना दुकानदार ‘वॉकर’च म्हणतो. पण दोघींत फरक आहे, आणि आमच्या मते सगळा विचार त्या फरकातच आहे. बसायच्या वॉकरमध्ये बाळाचं वजन झोळी पेलते. तोल सांभाळण्याचं काम चौकट करते. बाळाला पडायचं भय नाही, म्हणून न पडायला शिकायचंही कारण नाही. ट्रेमुळे त्याला स्वतःची पावलंसुद्धा दिसत नाहीत. पांगुळगाड्यात उलट आहे. बाळ स्वतः उभं राहिलं तरच गाडा कामाचा. बाळ थांबलं की गाडा थांबतो. हात सोडला की बाळ मोकळं. आत शिरायचं आणि बाहेर पडायचं दार बाळाच्याच हातात.

बसायच्या वॉकरबद्दल डॉक्टर मंडळी काय म्हणतात तेही सांगायला हवं. कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली. जुना वॉकर विकायलाही तिथे मनाई आहे. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची संस्था कित्येक वर्षं अशाच बंदीची मागणी करते आहे. तिथे १९९० ते २०१४ या काळात सव्वा वर्षाच्या आतल्या दोन लाख तीस हजारांहून जास्त बाळांना वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी इस्पितळात न्यावं लागलं. बहुतेकांना डोक्याला किंवा मानेला मार होता, आणि चारातली जवळजवळ तीन बाळं जिन्यावरून गडगडली होती. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात तीन फुटांपेक्षा जास्त अंतर जाऊ शकतं. म्हणजे आई त्याच खोलीत असूनही उठेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. शिवाय ज्यासाठी आपण तो आणतो ते चालणंही त्याने लवकर येत नाही. काही बाळांना उलट उशीर होतो.

हे इतकं साधं असूनही आपल्या घरांत बसायचा वॉकर येतच राहतो. का येतो? दोष द्यायला नव्हे, समजून घ्यायला आम्ही हा प्रश्न एकमेकींना विचारला. तीन कारणं निघाली.

पहिलं कारण, हातातलं काम. गॅसवर कुकर, दारात दूधवाला, आतून सासूबाईंची हाक, आणि आठ-नऊ महिन्यांचं पोर सरपटत मोरीकडे निघालेलं. घरात एकटी आई असली तर तिने काय करावं? बाळाला वॉकरमध्ये बसवलं की दहा मिनिटं हात मोकळे होतात. या बाईला आळशी म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. आमचं म्हणणं एवढंच, की गरज आपली आहे तर ती आपलीच म्हणावी. ‘त्याला चालायला शिकवतोय’ असं तिला नाव देऊ नये. एकदा गरज खरी कळली की उपायही खरा सापडतो. घरात घोडियुं असेल तर थोडा वेळ त्यात. नाहीतर चार बाजूंनी जाळी असलेलं, खेळायचं छोटं कुंपण. नाहीतर स्वयंपाकघराबाहेर सतरंजी, दोन वाट्या, एक डाव आणि दाराला आडवं फाटक. कुंपण बाळाला थोडा वेळ अडवतं आणि ते तसं उघड सांगतं. वॉकर अडवतो आणि वर शिकवल्याचा आव आणतो. तरी कुठेही फार वेळ अडकवून ठेवू नये. एवढ्या लहान मुलांना एका जागी सलग एका तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

दुसरं कारण, घाई. ‘आमचा नवव्या महिन्यात चालला.’ ‘अजून रांगतेच का ही?’ फॅमिली ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला की बाकीच्या घरांत धाकधूक सुरू. भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सांगितलं, की निरोगी मूल आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला असतो. केवढं मोठं अंतर हे! नवव्या महिन्यात चाललेलं आणि सोळाव्या महिन्यात चाललेलं, दोन्ही बाळं ठीकच. काही मुलं तर रांगतच नाहीत, तीही चालतात. दीड वर्ष होऊनही मूल चालत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. त्याआधीची घाई ही मुलाची नसते, मोठ्यांची असते.

आणि गंमत बघा. आपल्या बहुतेकींच्या देवघरात माहेरून आलेला बाळकृष्ण आहे. तो रांगता आहे! एक गुडघा टेकलेला, हातात लोण्याचा गोळा. रोज त्याला स्नान घालतो, गंध लावतो, नैवेद्य दाखवतो. आपण इतकी वर्षं रांगत्या देवाची पूजा करतो आणि घरातल्या रांगत्या बाळाला मात्र म्हणतो, ‘उठ, चल लवकर.’ देव रांगतो तेव्हा लीला आणि नात रांगते तेव्हा काळजी, असं का बरं?

तिसरं कारण सगळ्यात नाजूक आहे. आपल्याला त्याचं पडणं बघवत नाही. हे प्रेमातूनच येतं. पण मूल चालायला शिकतं ते कसं? न्यूयॉर्कच्या संशोधकांनी एक ते दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांना मोकळं खेळू दिलं आणि पावलं मोजली. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तासाभरात सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! सतरा वेळा पडून ते मूल रडत बसत नाही, पुन्हा उठतं. पडणं हा शिकण्याचाच भाग आहे. तोल गेल्यावर काय करायचं हे पडल्याशिवाय कळत नाही.

मग मुलाला पडू द्यायचं? इथे विवेक हवा. पडण्याचे दोन प्रकार आहेत. एक, सपाट जमिनीवर स्वतःच्या उंचीवरून धप्पकन बसणं. दुसरं, जिन्यावरून, ओट्यावरून, गच्चीच्या पायरीवरून कोसळणं. दुसरं पडणं टाळणं हे आपलं कर्तव्य. त्यात हयगय चालत नाही. पहिलं पडणं टाळू पाहणं हा मोह. जे पडणं मूल पेलू शकतं ते त्याचं त्याला द्यावं, आणि जे पेलू शकत नाही ते आपण आधीच बंद करावं. बसायचा वॉकर नेमकं उलट करतो. छोटं पडणं थांबवतो आणि मोठ्या पडण्याकडे वेगाने नेतो.

याच ओघात एक सवय आठवली. मूल पडलं की आपण जमिनीला चापट मारतो, ‘हात रे! बाळाला पाडलं?’ मूल हसतं, आपणही हसतो. ‘मुंगी मेली बघ’ म्हणून लक्ष वळवणं एक वेळ ठीक. पण जमिनीला मारताना आपण नकळत शिकवतो की पडलो तर चूक दुसऱ्याची. त्यापेक्षा ‘पडलास? उठ बघू’ एवढंच म्हणावं, आणि हात पुढे करण्याआधी मनात तीन आकडे मोजावेत. पुष्कळदा तिसऱ्या आकड्याला ते उभं राहिलेलं असतं.

ज्येष्ठ मंडळी इथे म्हणतील, आमची पोरं वॉकरमध्येच वाढली, काय झालं त्यांना? खरंय. बहुतेकांना काहीच होत नाही. पण ज्यांना काही झालं नाही तेच हे बोलतात. शिवाय त्या वेळी जे ठाऊक होतं त्यावर त्यांनी प्रेमानेच केलं. आज जास्त ठाऊक आहे. म्हणून कालच्या आजीला दोष न देता आज वेगळं करता येतं. दोन्ही एका घरात राहू शकतं.

दुसरा प्रश्न येतो, मग पांगुळगाडा तरी कशाला? अगदी बरोबर. तो नसला तरी मूल चालतंच. पाट, मोढा, प्लॅस्टिकची खुर्ची ढकलत कितीतरी पिढ्या चालल्या. घ्यायचाच तर औषध म्हणून नव्हे, आनंद म्हणून घ्यावा. मूल स्वतः धरून उभं राहायला आणि भिंतीच्या कडेने पावलं टाकायला लागलं की मगच.

आता घेताना काय बघायचं, ते भगिनींच्या अनुभवातून सांगतो.

गाड्याची बैठक रुंद आणि खालून जड असावी. मूल दांड्याला लोंबकळून उठू पाहतं, तेव्हा गाडा त्याच्या अंगावर उलटता कामा नये. दुकानातच दांडा मागे ओढून बघावा. दांडा मुलाच्या छातीच्या खाली, कमरेच्या वर यावा. चाकं फार गुळगुळीत नकोत. आपल्याकडे कोटा किंवा टाइल्सची फरशी, त्यावर हलका गाडा पुढे पळतो आणि मूल तोंडावर येतं. चाकांना रबराची कड असलेला बघावा, किंवा सुरुवातीला पुढच्या पेटीत दोन-तीन किलो तांदळाची पिशवी नीट बसवून ठेवावी. मूल घरात अनवाणीच चालू दे. तळव्याला जमीन कळते. उंबरठा, जिना, ओटा यांच्या बाजूला फाटक किंवा बंद दार असल्याशिवाय कुठलाही गाडा हातात देऊ नये.

बसायची गाडी साधारण चालायला लागल्यावर घ्यावी. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघे किंचित वाकलेले. पाय लटकत असतील तर ती गाडी मुलाची नाही, पुढच्या वर्षाची आहे. मागे उलटू नये म्हणून टेका असावा. उतारावर, अंगणाबाहेर, गाड्या येत-जात असतील तिथे नको. ‘टू इन वन’ म्हणून ढकलायची आणि बसायची अशी एकच गाडी मिळते, पण त्यातल्या काही फार हलक्या असतात. दांडा ओढून बघण्याची परीक्षा तिथे दोनदा करावी. बटणं, गाणी, दिवे असतील तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. आणि दोन्हींपैकी काही असो, जवळ मोठं माणूस हवंच.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय खूण असणं बंधनकारक आहे. ती बघून घ्यावी. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट दिलेली आहे, म्हणजे हाताने घडवलेल्या लाकडी वस्तूवर खूण नसली तरी ती वाईट असते असं नाही. तिथे आपण स्वतः विचारायचं. रंग कसला आहे, चाटला तर चालेल का, खिळे बाहेर नाहीत ना, कड तासली आहे ना. वडोदऱ्याजवळ संखेडा आहे, बेळगावकरांना गोकाक, गोव्याच्या भगिनींना सावंतवाडी, हैदराबादकरांना निर्मल, इंदूरच्या मंडळींना नर्मदाकाठचं बुधनी. लाकूडकामाची ही सगळी जुनी ठिकाणं. कारागिराला हाताने प्रश्न विचारता येतो, हा त्यातला मोठा फायदा.

आता एक अवघड गोष्ट. माळ्यावरचा जुना बसायचा वॉकर नको झाला की आपण काय करतो? कामवाल्या बाईंना देऊन टाकतो. ‘तिच्या नातवाला होईल.’ मनाला बरं वाटतं. पण थांबून विचार करू या. जे धोक्याचं म्हणून आपण आपल्या नातवाला दिलं नाही ते तिच्या नातवाला चालेल, हे कोणत्या हिशेबाने? तिच्या घरी जिना कदाचित जास्त उभा असेल, लक्ष द्यायला माणूस कमी असेल. दान म्हणजे अडगळ काढणं नव्हे. बसायचा वॉकर मोडूनच भंगारात द्यावा, म्हणजे तो पुन्हा कुठल्याच बाळाखाली येणार नाही. आणि देण्याची इच्छा असेल तर चांगल्या अवस्थेतला पांगुळगाडा द्यावा, चाकं-खिळे तपासून, स्वच्छ पुसून. पांगुळगाड्याचं आयुष्य एका घरात चार-सहा महिन्यांचं. तो फिरता राहणं हीच त्याची शोभा.

कोण ठरवणार, यावरूनही घरांत कुरबुर होते. आजोबा हौसेने गाडी घेऊन येतात, सूनबाई म्हणते नको, आणि आजोबांना वाटतं आपली भेट नाकारली. भेट देणाऱ्याने आधी आईला विचारावं, यात मान कमी होत नाही. आणि आईनेही ‘बाबा, हिच्याऐवजी ढकलायची आणू या का, तुम्हीच बघून द्या’ असं म्हणावं. आजोबांना गाडी द्यायची नसते हो, त्यांना नातवाच्या चालण्यात वाटा हवा असतो. तो दोन्हींनी देता येतो.

आजोबांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या परिवारातल्या एका घरात पणजोबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. आता ते अॅल्युमिनियमचा वॉकर धरून चालतात. देवघरापर्यंत जायला त्यांना बराच वेळ लागतो. घरातले मायेने चाकाची खुर्ची आणतात, ‘बसा, पटकन नेतो.’ ते म्हणाले, ‘मला वेळ लागू द्या.’ ही गोष्ट ऐकली तेव्हा आम्हाला कळलं, की लहानाचा आणि थोराचा प्रश्न एकच आहे. जे काम तो स्वतः करू शकतो ते त्याच्याकडे ठेवावं, आणि जे करू शकत नाही तिथे हात द्यावा. पटकन नेण्यात पुष्कळदा सोय आपली असते आणि नाव मायेचं.

गुरुमाउलीही आपल्याला खांद्यावर घेऊन पोहोचवत नाही. वाट दाखवते, हात लागेल इतकी जवळ उभी राहते, आणि पाऊल आपल्यालाच टाकायला लावते. आपण अडखळतो तेव्हा तिला दिसत नाही असं नाही. आपल्याला उठता यावं म्हणून ती थांबलेली असते. घरातल्या लेकरापाशी आपल्यालाही तसं थांबता आलं पाहिजे.

म्हणून या आठवड्यात सगळ्यांनी एक छोटी सेवा करावी. ज्या घरात रांगतं किंवा उभं राहणारं बाळ आहे, तिथे घरातल्या मोठ्यांपैकी एकाने दहा मिनिटं जमिनीवर बाळाच्या उंचीला बसून घर बघावं. कुठे टोक आहे, कुठे लोंबती वायर आहे, कुठे पायरी उघडी आहे. जे धोक्याचं आहे ते त्याच दिवशी बंद करावं. मग बाकीची जमीन बाळाला मोकळी करून द्यावी. गाडी घ्यायची की नाही ते त्यानंतर सावकाश ठरवता येईल.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥

आपल्या गुरुभगिनी, वडोदरा